वरखर्च कुणाच्या नावावर

गणपतीच्या मूर्तीचा भाव आमच्या पेण भागात उंचीवर सांगतात. आठ इंची, बारा इंची, दीड फुटी, दोन फुटी. गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न एकच, ‘केवढी पाहिजे?’ बराचसा हिशेब त्यात बसतोही. उंची वाढली की माल जास्त लागतो, रंग जास्त लागतो, कारागिराचा हात जास्त वेळ चालतो. पण कारखान्यात असाही खर्च असतो जो उंचीकडे बघत नाही. शेडचं भाडं, कॉम्प्रेसरची वीज, फाटलेल्या साच्याची दुरुस्ती, पावसाळ्यात मूर्ती सुकवायला रात्रभर लावलेले दिवे, ऑर्डर घ्यायला बसलेलं माणूस. हा झाला वरखर्च. तो कुठल्या मूर्तीच्या अंगावर किती टाकायचा, हे मी ज्या बाईंकडून शिकले त्यांचं ऋण माझ्यावर आहे. फिटेल असं ते नाही. निदान लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

त्यांना सगळे वहिनी म्हणतात, मीही. मुंबई-गोवा महामार्गावरून पेणकडे येताना हमरापूरचा फाटा लागतो. तिथून आत जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत घराघराला लागून गणपतीचे कारखाने आहेत. पेण शहरात ही कला देवधरांच्या घरापासून रुजली असं तिथले जुने लोक सांगतात. पुढे ती या गावांत पसरली आणि अख्ख्या पंचक्रोशीचा धंदा झाली. शाडू गुजरातेतून येतो, प्लास्टर राजस्थानातून, आणि मूर्ती जातात मुंबई, पुणे, नाशिक, विदर्भ, पार परदेशात. वहिनींच्या यजमानांचा, म्हणजे दादांचा, कारखाना यांतलाच एक.

मी खारेपाटातली. आमच्याकडे भाताचं एकच पीक, तेही बांध फुटून खारं पाणी शिरलं नाही तर. नव्वदच्या दशकात बी.कॉम.ला पेणला होते तेव्हा सुट्टीत घासकामाला म्हणून या कारखान्यात गेले. साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्तीचे सांधे पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचे, रोजावर. काही दिवसांत वहिनींच्या लक्षात आलं की ही मुलगी हजेरीच्या वहीतली बेरीज तोंडी करते. त्यांनी मला घासकामावरून उठवलं आणि वह्यांपाशी बसवलं. रोज तोच ठेवला. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या पानाला पान लावून मला वाढू लागल्या. घरी चूल पेटायची भ्रांत असली तरी ते तोंडाने सांगायचं नसतं हे कळण्याचं माझं वय होतं, आणि न सांगता ते ओळखणारं माणूस समोर होतं.

त्या वर्षी मुंबईचे दोन जुने व्यापारी शेजारच्या कारखान्याकडे वळले. दादा हैराण होते. माल तोच, रंग तोच, आणि शेजारी लहान मूर्ती स्वस्त कशी देतो? आपल्या मूर्तीला खरा खर्च किती येतो ते काढून दे, असं त्यांनी मला सांगितलं. आकडे मी इथे आजच्या मानाने आणि समजायला सोपे करून मांडते. प्रमाण मात्र तेव्हाचंच आहे. कारखान्यात दोन तऱ्हेचा माल होता. एक, व्यापाऱ्यांसाठी प्लास्टरच्या लहान मूर्ती, १,८०० नग. दुसरा, घरगुती गिऱ्हाइकांच्या ऑर्डरीच्या शाडूच्या मूर्ती, २०० नग. माल आणि मजुरी ज्या त्या मूर्तीवर सरळ टाकता येत होती. प्रश्न होता हंगामाच्या ६ लाख रुपये वरखर्चाचा.

कॉलेजच्या पुस्तकात पद्धत दिलेली होती: मजुरीचे एकूण तास काढा, वरखर्चाला त्यांनी भागा, जो दर येईल तो प्रत्येक मालाला त्याच्या तासांप्रमाणे लावा. प्लास्टरच्या मूर्तीला २ तास, म्हणजे ३,६०० तास. शाडूच्या मूर्तीला ७ तास, म्हणजे १,४००. एकूण ५,००० तास, तासाला १२० रुपये. प्लास्टरच्या मूर्तीवर २४० रुपये वरखर्च, शाडूच्या मूर्तीवर ८४०. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जगभरचे कारखाने थोड्याफार फरकाने हेच करत आले. ज्या काळी मजुरी हाच कारखान्याचा मोठा खर्च होता आणि वरखर्च तिच्या मागे शेपटासारखा थोडासा यायचा, त्या काळी ते चालूनही जाई.

दादांना हिशेब पटला. वहिनींना नाही.

त्या म्हणाल्या, ‘शाडूचे दोनशे गणपती मला अख्खा श्रावण झोपू देत नाहीत, आणि ते अठराशे कधी निघाले ते कळतही नाही. तुझ्या कागदावर मात्र जास्त पैसे त्या अठराशांनीच खाल्लेत.’ खरंच होतं. ६ लाखांतले ४ लाख ३२ हजार प्लास्टरच्या मूर्तींवर पडले होते.

मग त्यांनी मला भिंतीवरचं कालनिर्णय दाखवलं. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक खुणा होत्या. रंगाची गन धुऊन दुसरा रंग भरला की एक रेघ. नवा साचा लावला किंवा फाटलेला दुरुस्तीला काढला की गोल. ऑर्डरवाला येऊन तासभर बसून गेला की फुली. शाडूचा गणपती फळीवर चढवला की चौकोनाच्या कोपऱ्यात टिंब, उतरवला की त्या टिंबावर काट. कित्येक वर्षं त्या हे करत होत्या. हिशेब म्हणून नाही, पुढच्या वर्षी किती माणसं लागतील, किती फळ्या लागतील ते कळावं म्हणून. मागच्या हंगामांची कॅलेंडरं कपाटात गुंडाळून ठेवलेली होती. ‘ज्यानं जेवढं काम काढलं त्याच्यावर तेवढं टाक,’ त्या म्हणाल्या. ‘मजुरी कुणी किती घेतली ते विचारू नको. काम कुणामुळे निघालं ते विचार.’

खर्च वाटण्याबद्दल याहून स्वच्छ वाक्य मी नंतर कुठल्याही ग्रंथात वाचलेलं नाही.

त्या खुणा घेऊन आम्ही दोघी बसलो. ६ लाखांची एक रास मोडून कामाकामाच्या पाच राशी केल्या. साचे बनवणं आणि दुरुस्त ठेवणं, १ लाख. साचे एकूण २५, म्हणजे साच्यामागे ४ हजार. त्यांतले ५ प्लास्टरच्या मालाचे आणि २० शाडूचे, कारण घरगुती गिऱ्हाइकाला बसलेला, उभा, लालबागचा, सिंहासनावरचा, सगळे हवे असतात. रंग बदलणं, गन आणि भांडी धुणं, १ लाख २० हजार. हंगामात २४० वेळा रंग बदलला, खेपेला ५०० रुपये. प्लास्टरचा माल एका पिवळ्या पीतांबरात शेकड्याने निघायचा, त्याच्या वाट्याला फक्त ४० खेपा. उरलेल्या २०० शाडूच्या, कारण कुणाला घरच्या परंपरेचा शेंदरी लागतो, कुणाला शेला मोरपंखीच हवा.

सुकवण आणि फळीवरची जागा, १ लाख ८० हजार. प्लास्टर घट्ट व्हायला वेळ लागत नाही, पाच दिवसांत मूर्ती रंगून पेंढ्यात बांधली जायची. शाडूचं तसं नाही. माती साच्यात दाबून मूर्ती काढतात, हात, कान, सोंड नंतर जोडतात, मग ती सावलीत सुकू द्यावी लागते. घाई केली तर तडा जातो, तडा भरला की पुन्हा थांबायचं. कोकणातल्या आषाढात हवेलाच पाणी सुटलेलं असतं. एकेक मूर्ती महिनाभर फळी अडवून बसते. ‘तिला हात लावायला वेळ लागत नाही, थांबायला लागतो,’ हे वहिनींचं बोलणं मजुरीच्या तासांच्या पुस्तकात बसणारं नव्हतं, कारण थांबण्याची मजुरी कुणी घेत नाही. आम्ही मूर्ती आणि दिवस यांचा गुणाकार केला: प्लास्टरचे ९ हजार, शाडूचे ६ हजार, दिवसाला १२ रुपये.

चौथी रास ऑर्डर घेणं, टिपणं, निरोप पाठवणं आणि देखरेख यांची, १ लाख २० हजार. ऑर्डरी २००, त्यांतल्या २० व्यापाऱ्यांच्या आणि १८० घरगुती. शेवटची रास बांधणीची, ८० हजार, नगामागे ४० रुपये, दोन्ही मालांना सारखीच.

बेरीज करून मी वही वहिनींकडे सरकवली. प्लास्टरच्या मूर्तींवर २ लाख ३२ हजार, म्हणजे नगाला साधारण १२९ रुपये. शाडूच्या मूर्तींवर ३ लाख ६८ हजार, नगाला १,८४०. २४० आणि ८४० यांच्या जागी १२९ आणि १,८४०. शाडूची प्रत्येक मूर्ती हजार रुपये कमी दाखवून विकली जात होती, आणि ते पैसे लहान मूर्तींच्या भावात भरले जात होते. व्यापारी शेजारी का गेले त्याचं उत्तर तिथे होतं. शेजारचा फक्त प्लास्टरचा माल काढायचा. त्याच्या लहान मूर्तीला दुसऱ्या कुणाचं ओझं वाहायचं नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र आम्ही अडलो. चौथ्या राशीत मी देखरेखीचा पगार धरला होता आणि त्यापुढे वहिनींचं नाव लिहिलं होतं. दादा म्हणाले, ‘घरच्या माणसाचा पगार कसला लावतेस?’ ते रागाने बोलले नव्हते. आमच्याकडे कुणालाच तो प्रश्न वेगळा वाटला नसता. शेतावर आई राबते तिची मजुरी कोण लिहितो? पण शेतमालाच्या हमीभावाचा सरकारी हिशेब करताना कृषी खर्च व मूल्य आयोगही घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल धरतो, हे मी अर्थशास्त्राच्या तासाला शिकले होते. तेच मी भीत भीत सांगितलं. दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘लाव.’

पुढच्या हंगामापासून दादांनी तो पगार नुसता वहीत न ठेवता त्यांच्या हातात दिला. त्यातूनच वहिनींनी माझी कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षेची फी भरली, आणि पहिल्या खेपेची पुस्तकं घेऊन दिली. अनेक वर्षांनी मी ते पैसे परत न्यायला गेले तेव्हा त्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. ‘तो खर्च त्याच वर्षी गणपतीवर पडला,’ म्हणाल्या. ‘तुझ्याकडे काही बाकी नाही.’

हिशेब बदलल्यावर शाडू बंद करायचा का, असं दादांनी एकदा विचारलं होतं. वहिनींनी तो विषय तिथेच संपवला. शाडूचा गणपती हा कारखान्याचा मान होता. त्यांनी किमतीआधी कामाला हात घातला. एकाच रंगाच्या ऑर्डरी एका दिवसात आणल्या, त्यामुळे गन धुण्याच्या खेपा निम्म्यावर आल्या. साच्यांची निवड आटवली, आणि त्या निवडीबाहेरचं रूप हवं असेल तर साच्याचे पैसे वेगळे सांगू लागल्या. शाडू उन्हाळ्यातच काढून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे फळीवरचे दिवस पावसाळ्यात वाढत नाहीत. उरलेला फरक भावात घातला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचं कारण सांगितलं. काही गेली, बहुतेक राहिली. लहान मूर्तींचा भाव उतरवल्यावर एक जुना व्यापारी परत आला. खर्च कशामुळे निघतो ते समजलं तर भाव वाढवण्याच्या आधी माणसाच्या हाती किती गोष्टी असतात, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराच्या दराला त्यात कुणी हात लावला नाही, हेही मला महत्त्वाचं वाटतं. खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली नजर हातांवर जाते.

पुढे परीक्षेच्या अभ्यासात ‘ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग’चं प्रकरण आलं. जॉन्सन आणि कॅप्लन यांचं ‘रेलेव्हन्स लॉस्ट’ १९८७ चं. कारखान्यांचे खर्चाचे हिशेब जुन्या काळात अडकलेत, मजुरी घटली आणि वरखर्च वाढला तरी वाटणी अजून मजुरीवरच चालली आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याच सुमारास रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी कामांवरून खर्च वाटण्याची रीत मांडली. त्यांचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या वॉटर्लूचं, जॉन डिअर कंपनीच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचं. मोठ्या संख्येने लागणाऱ्या भागांची कामं त्या कारखान्याच्या हातून निसटत होती आणि थोड्या नगांची किचकट कामं मिळत होती, कारण जुन्या हिशेबात मोठ्या संख्येचा माल महाग आणि किचकट माल स्वस्त दिसत होता. मी ते प्रकरण मुंबईच्या एका अभ्यासिकेत वाचलं. आयोवा मला नकाशात शोधावं लागलं असतं. तिथे काय चुकत होतं ते मात्र पहिल्या परिच्छेदात कळलं.

नोकरी मी रायगडातच केली, एका रसायनांच्या कारखान्यात. तिथे ही रीत मी फारशी वापरली नाही, हे इथे सांगायलाच हवं. या पद्धतीचे भक्त ती सगळीकडे लावू बघतात. अलिबागजवळच्या थळला १९८५ पासून चालणारा राष्ट्रीय केमिकल्सचा खत कारखाना घ्या. मुख्य माल युरिया, रात्रंदिवस एकाच प्रतीचा. तिथे प्रश्न मालामालांत वाटणीचा नसतो, टनामागे वायू किती जळला याचा असतो. देशात १९७७ पासून २००३ पर्यंत युरियाचा ठेवभाव, म्हणजे कारखान्याच्या पदरात पडायचा भाव, कारखान्यागणिक ठरे, मराठे समितीच्या शिफारशीवरून, आणि त्या हिशेबाला कामांच्या दहा राशी पाडून काही मिळालं नसतं. जिथे माल तऱ्हेतऱ्हेचा, नग कमीजास्त आणि वरखर्च मोठा, तिथे ही रीत लावावी. मोजणीलाही खर्च येतो. वहिनींची मोजणी पेन्सिलीच्या एका रेघेत व्हायची म्हणून ती टिकली.

२००५ च्या जुलैत रायगडभर पाणी भरलं तेव्हा त्यांच्या खालच्या फळ्यांवरच्या मूर्ती विरघळल्या. तीन दिवसांनी मी पोहोचले तर त्या अंगणात चिखल उपसत होत्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं, हे कुणावर टाकायचं? मी त्यांना शास्त्रात आहे ते सांगितलं: नेहमीची फूटतूट मालाच्या खर्चात धरायची, पण असं असाधारण नुकसान उरलेल्या मूर्तींवर लादायचं नाही, ते धंद्याच्या नफ्यातोट्यात सरळ दाखवायचं. ‘म्हणजे आपल्यावर,’ त्या म्हणाल्या. हो, आपल्यावर. त्या वर्षी उरलेल्या मूर्तींचा भाव त्यांनी एका पैशाने वाढवला नाही. दागिने गहाण टाकून कारागिरांचे पैसे चुकते केले.

१२ मे २०२० ला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली, प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी. मग मुदती, आंदोलनं, कोर्ट. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली; विसर्जनाची बंधनं राहिली. या पाच वर्षांत हमरापूर-जोह्याची झोप उडाली होती. शाडूकडे वळा, असं सगळे सांगतात, आणि पाण्याची काळजी मलाही आहे. पण शाडूची मूर्ती फळीवर किती दिवस बसते याचा हिशेब सांगणाऱ्यांनी केलेला नसतो. वहिनींकडे तो तयार होता. तालुक्यातले चार-पाच कारखानदार त्यांच्या ओटीवर बसून शाडूचा दर समजून घेऊन गेले. त्या आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, रेघा त्यांची सून मारते, मोबाइलवर.

सुनेने मला एक नवी अडचण कळवली आहे. परदेशी जाणाऱ्या मूर्ती वाढल्यात. न्हावाशेवाला कंटेनर भरतो, त्याआधी प्रत्येक मूर्ती कागदात, मग खोक्यात, मग खोक्याला आतून टेकू, शिवाय याद्या आणि कागदपत्रं. बांधणीची रास आम्ही नगावर वाटली होती, दोन्ही मालांना सारखी, कारण तेव्हा पेंढा आणि सुतळी एवढंच काम होतं. आता परदेशी मूर्तीची बांधणी इथल्या मूर्तीच्या कितीतरी पट वेळ खाते. कॅप्लन आणि अँडरसन यांनी २००४ मध्ये वेळेवर आधारलेली जी सोपी रीत सांगितली ती इथे बसेल असं मला वाटतं: एका बांधणीला किती मिनिटं आणि एका मिनिटाला किती रुपये, एवढेच दोन आकडे लागतात. मिनिटं सून मोजते आहे. रुपयांच्या आकड्यात तिचा स्वतःचा पगार धरायचा, हे वहिनींनी तिला माझ्या आधीच सांगून ठेवलं आहे. कंटेनर उन्हाळ्यात निघतो, तेव्हा दर पौषातच काढायला हवा.